जुन्या आर्केड बोर्डची बॅटरी बदलायची आहे? आधी ती काय सांभाळतेय ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की जपानवरून मागवलेला कॅपकॉमच्या सीपीएस-२ चा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या गेम मशीनचा, हिरवा बोर्ड आहे, गेम सुपर स्ट्रीट फायटर टू एक्स, आणि सोबत एका जुन्या व्हिडिओ गेम पार्लरवाल्याकडून उचललेला, तशाच दुसऱ्या मशीनचा, निओ जिओ एमव्हीएसचा सिंगल स्लॉट बोर्ड. दोन्हींच्या बॅटऱ्या जुन्या, दोन्हींवर ३.६ व्होल्ट लिहिलंय, मग एकाच प्रकारच्या दोन बॅटऱ्या आणून जवळच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडून बदलून घेऊ का, आणि आधी सगळं व्हिनेगरने पुसून घेऊ का.

नको. थांब जरा. दोन्हींवर ३.६ लिहिलंय हीच गोष्ट आजवर भरपूर लोकांना गोत्यात घेऊन गेलीय.

एमव्हीएसवरची जी छोट्या पिंपासारखी बॅटरी आहे ती निकेल कॅडमियमची आहे, आत १.२ व्होल्टचे तीन सेल, आणि मशीन चालू असताना बोर्ड तिला चार्ज करतो. सीपीएस-२ वरची अर्ध्या पेन्सिल सेलएवढी आहे ती लिथियम थायोनिल क्लोराइडची, एकच सेल, चार्ज होत नाही आणि तिला चार्ज करायचंही नाही. आता उलटसुलट केलंस तर काय होईल बघ. लिथियमवाली एमव्हीएसवर बसवलीस तर बोर्ड तिच्यात करंट ढकलत बसणार आणि ती फुगेल नाहीतर फुटेल. निकेल कॅडमियमवाली सीपीएस-२ वर बसवलीस तर तिला चार्ज करणारं तिथे कोणीच नाही, ती आपली आपण काही महिन्यांत उतरणार आणि उतरली की गेम मेला. व्होल्टेज एकच, पण स्वभाव पूर्ण वेगळा.

म्हणून कुठलाही जुना बोर्ड समोर आला की मी पहिला प्रश्न हा विचारतो, की ही बॅटरी नक्की काय सांभाळतेय. स्कोअर आणि सेटिंग सांभाळत असेल तर ती शत्रू आहे, जितक्या लवकर बोर्डावरून उतरेल तितकं चांगलं. आणि गेमचा कोड उलगडायची किल्ली सांभाळत असेल तर ती त्या गेमचा प्राण आहे, तिथे घाई केलीस की संपलं. बाकी सगळं, म्हणजे काय आणायचं, कशाने पुसायचं, होल्डर लावायचा की नाही, हे सगळं या एका उत्तरावरून ठरतं.

किल्लीची भानगड आधी सांगतो, कारण तुझा महागाचा बोर्ड तोच आहे. १९९१ मध्ये स्ट्रीट फायटर टू आला आणि कॅपकॉमने बक्कळ कमावलं, पण त्याच्या नकला एवढ्या निघाल्या की विचारू नकोस, ती रेनबो एडिशन म्हणतात ती हवेत गोळे मारणारी, तीसुद्धा कॅपकॉमची नव्हे, नकलाकारांचीच. मग १९९३ ला सीपीएस-२ आणताना त्यांनी प्रोग्रामच एन्क्रिप्ट करून टाकला. रॉम चिपमधला कोड तू वाचलास तरी कचरा दिसतो, तो उलगडायची किल्ली, पूर्ण २० बाइटची, बी-बोर्डावरच्या, म्हणजे गेमच्या बोर्डावरच्या, कस्टम चिपमधल्या एवढ्याशा मेमरीत असते आणि त्या मेमरीला जिवंत ठेवते ती बॅटरी. करंट गेला की किल्ली पुसली जाते, मग ६८००० प्रोसेसरला कचराच वाचायला मिळतो आणि स्क्रीनवर नुसता काळा किंवा एखादा सपाट रंग. यालाच लोक बोर्डाने सुसाईड केलं म्हणतात. रॉम शाबूत, चिप शाबूत, फक्त आठवण गेली.

आणि आपल्याकडचा मुस्तफा आठवतोय ना, कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३ चा? तो सीपीएस-१ च्या शेवटच्या, क्यूसाउंड आवाजवाल्या बोर्डांपैकी, पनिशर आणि वॉरियर्स ऑफ फेटचा भाऊ. त्याच्यातही आवाजाचा प्रोसेसर झी-८० काबुकी नावाच्या चिपमध्ये एन्क्रिप्ट केलेला आणि त्याचा जीव बॅटरीवर. आता गंमत अशी की आपल्या पार्लरमध्ये आपण जो मुस्तफा खेळलो त्यातले बरेचसे बोर्ड नकली होते, नकलाकारांना तो आवाजाचा भाग जमला नाही म्हणून त्यांनी तिथे साधी पिक चिप लावून आवाज कसातरी भागवला. त्यामुळे झालं असं की ओरिजिनल बोर्ड बॅटरी संपून मेले आणि त्या नकला, बॅटरीच नसल्यामुळे, अजून कुठेतरी पत्र्याखाली धडधाकट पडल्या असतील. सेगानेही हेच केलं होतं, त्यांच्या एफडी-१०९४ मध्ये तर बॅटरी प्रोसेसरच्या बंद डब्याच्या आत, त्यांच्या सिस्टिम १६ आणि १८ बोर्डांचे बरेच गेम त्याच्यावर.

आता तुझ्या सीपीएस-२ चं काम. वरचा हिरवा डबा म्हणजे बी-बोर्ड, बॅटरी त्याच्यात. हिरवा म्हणजे जपान, निळा अमेरिका-युरोप, राखाडी आशिया, एवढं लक्षात ठेव म्हणजे पुढे विकत घेताना कोणी गंडवणार नाही. गेम आत्ता चालू आहे असं तू म्हणतोयस, म्हणजे किल्ली जिवंत आहे. डबा उघड आणि आधी नुसतं बघ. सेलच्या पायांशी पांढरट-हिरवट काही फुलून आलंय का, कुबट तिखट वास येतोय का. नंतर मीटर लाव. नवीन सेल ३.६ च्या थोडं वरच दाखवतो. ३.३ च्या खाली दिसलं तर मात्र या आठवड्यातच बदल. आणि ३.६ दिसलं म्हणून खुश होऊ नकोस, या जातीचा सेल शेवटपर्यंत ३.६ च दाखवतो आणि मग एकदम कोसळतो, हळूहळू उतरत नाही. म्हणजे मीटरवरून वय कळत नाही, सेलवर छापलेल्या तारखेवरून कळतं. तारीख नव्वदच्या दशकातली असेल तर मीटर काहीही म्हणो, बदल.

एक चूक चांगले चांगले टेक्निशियन करतात, ती म्हणजे बोर्डावरच्या सेलला रेझिस्टर लावून लोड टेस्ट. अजिबात नको. या सेलमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर आत लिथियमवर एक थर चढतो, अचानक लोड दिला की व्होल्टेज क्षणभर धाडकन खाली येतं, आणि त्या क्षणात किल्ली गेली तर तुझी टेस्ट तुलाच भोवली. लोड द्यायचा तर नवीन सेलला, बसवायच्या आधी, बाहेर टेबलावर. ३३० ओहम दहा-वीस सेकंद लाव, म्हणजे तोच थर निघून जातो, व्होल्टेज सावरतंय ना बघ, सावरत नसेल तर तो सेल जुना किंवा नकली.

सेल कुठून आणायचा हाही प्रश्नच आहे. दुकानात जाऊन आर्केडची बॅटरी मागितलीस तर तुझ्या तोंडाकडे बघतील. पीएलसीची बॅटरी म्हण. कारखान्यात मशीन चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरमध्ये आणि विजेच्या मीटरमध्ये याच जातीचे सेल लागतात, १४२५० साइज, म्हणजे १४ मिलिमीटर जाड आणि २५ लांब. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, पण मला विचारशील तर भोसरी-चाकणकडे ऑटोमेशनचा माल ठेवणाऱ्यांकडे ताजा माल मिळतो कारण तिथे तो रोज खपतो. साफ्टचा एलएस १४२५० किंवा टॅडिरनचा त्याच मापाचा, आणि मागताना दोन्ही टोकांना तारेचे पाय वेल्ड केलेलाच माग. साधा बिनपायांचा सेल आणून त्याच्या अंगावर सोल्डर करायचं डोक्यातही आणू नकोस, आत थायोनिल क्लोराइड आहे, तापवलं तर फुटून तोंडावर येईल.

होल्डर लावू का, हे सगळेच विचारतात. लोक लावतात आणि चालतो सुद्धा, पण मी किल्लीच्या बोर्डावर लावत नाही. कॉन्टॅक्टवर गंज आला, किंवा कुरियरवाल्याने डबा आपटला आणि सेल क्षणभर उडाला, की झालं. आपल्याकडे चार महिने पाऊस, कोकणपट्टीत तर भिंतींनासुद्धा बुरशी येते, तिथे स्प्रिंगच्या भरवशावर गेमचा जीव कोण ठेवणार. पंधरा वर्षांनी पुन्हा एकदा सोल्डर करायला माझी हरकत नाही.

प्रत्यक्ष बदलताना असं. बी-बोर्डावर कपॅसिटर आहे, बॅटरी काढल्यावर किल्ली काही मिनिटं त्याच्यावर तग धरते, त्यामुळे अनेक जण सरळ काढतात आणि पटकन नवीन घालतात, आणि बहुतेक वेळा जमतंही. पण तो कपॅसिटरही तुझ्या बॅटरीएवढाच म्हातारा आहे, त्याच्या भरवशावर मी राहत नाही. मी काय करतो, एक दुसरा ३.६ चा सेल घेतो, त्याच्या प्लसला १एन५८१७ सारखा शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) लावतो म्हणजे जुना सेल तात्पुरत्यात करंट ढकलणार नाही, आणि दोन पातळ वायरी बोर्डाला सोल्डर करतो. कुठे? बॅटरीच्याच पॅडवर नाही, हे महत्त्वाचं, कारण तोच पॅड तू नंतर वितळवणार आणि तुझी वायर नेमकी तेव्हाच हातात येणार. प्लसची ट्रॅक पुढे शोध, मीटरवर बीप येईल असा पुढचा एखादा पॉइंट पकड, मायनसला कुठलाही ग्राउंड चालेल. मगरक्लिप लावू नकोस, त्या निसटतात आणि निसटताना शेजारच्या पायाला चाटून जातात.

वायरी लागल्या, आता जुन्या सेलचे पाय कापायचे. एका वेळी एकच पाय, कटरच्या पात्यात दोन्ही पाय कधीच आले नाही पाहिजेत. पाय कापले की पॅडवर मीटर धरून बघ, तात्पुरत्या सेलचं व्होल्टेज दिसतंय ना, डायोडमुळे थोडं कमी दिसेल, तीनच्या वर असलं की चिंता नाही. मग उरलेले तुकडे वितळवून काढ, पंपाने भोकं साफ कर. ग्राउंडचं भोक उष्णता पिऊन टाकतं, तिथे आयर्न दाबून धरला की पॅड उचकटतो, त्यापेक्षा थोडं ताजं सोल्डर घाल, मग आपोआप ओघळतं. नवीन सेल घाल, प्लस-मायनस दोनदा बघ, सोल्डर कर, व्होल्टेज बघ, मग तात्पुरत्या वायरी काढ. सेलवर छोटं स्टिकर लावून महिना-वर्ष लिही. पुढच्या माणसाचे आशीर्वाद लागतील, आणि पुढचा माणूस बहुतेक तूच असशील.

आता आयर्नबद्दल, आणि इथे माझीच फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका मित्राचा एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर माझ्याकडे आला होता, सगळं वर सांगितलं तसंच केलं, तात्पुरता सेल लावलेला, आणि तरी बोर्ड मेला. दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की त्या टेबलाच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, आयर्नच्या टोकाला लीकेज येत होतं, टेस्टर लावला तर बारीक पेटत होता. प्रत्येक सोल्डरला मी त्या चिपला झटका देत होतो. आपल्याकडच्या जुन्या इमारतींमध्ये तिसरी पिन नुसती शोभेची असते, त्यामुळे आधी ते तपास. खात्री नसेल तर जुनी युक्ती कर, आयर्न चांगला तापव, प्लग काढून टाक, आणि मग टोक बोर्डला लाव, दहा-पंधरा सेकंद उष्णता पुरते. मोबाईल रिपेअरवाल्याचा हात तुझ्या-माझ्यापेक्षा साफ असेल, त्याबद्दल वाद नाही, पण तो सवयीने आधी बॅटरी काढून बाजूला ठेवतो आणि मग चहाला जातो. मोबाईलला ते चालतं.

मित्राला मी तेव्हा काय उत्तर दिलं असेल ते तू समज. त्या काळी उपाय एकच होता, फिनिक्स म्हणून उलगडलेल्या रॉम मिळायच्या, त्या २७सी४०९६ ईप्रॉम चिपांवर लिहून मूळ रॉमच्या जागी घालायच्या, गेम चालायचा पण ओरिजिनलपणा गेलेला. पुढे २००७ मध्ये आंद्रेयास नैव्ह आणि निकोला साल्मोरिया यांनी ते एन्क्रिप्शनच पूर्ण फोडलं, आणि २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ, आर्तेमियो उर्बिना आणि इयन कोर्ट यांनी दाखवून दिलं की फॅक्टरीत जशी किल्ली भरत होते तशीच ती बोर्डावरच्या सीएन९ कनेक्टरमधून परत भरता येते, आर्डुइनो नावाच्या एका साध्या कंट्रोलर बोर्डाने. त्यानंतर ठाण्याचा बोर्ड मी परत मागवला, मूळ रॉम बसवल्या, किल्ली भरली आणि गेम मूळ रूपात उठला. मित्राने तेव्हा कुठे नीट बोलायला सुरुवात केली.

म्हणजे आज सीपीएस-२ मेला तरी तो कायमचा मेला असं नाही. इन्फिनीकी नावाचा छोटा बोर्ड पण मिळतो, तो दर वेळी मशीन चालू झालं की किल्ली भरतो, मग बॅटरीची कटकटच नाही. तुझा हात सोल्डरिंगमध्ये नवीन असेल आणि ओरिजिनल बॅटरीवरच चालला पाहिजे असा हट्ट नसेल तर मी सरळ तेच सुचवेन. फक्त काळा स्क्रीन आला की लगेच सुसाईड समजू नकोस. आधी पाच व्होल्ट बोर्डावर खरंच पाच पोचतायत का बघ, वायरींच्या जुन्या हार्नेसमधून ४.७ च येत असले तरी हाच तमाशा, आणि ए (खालचा) आणि बी (वरचा) बोर्ड वेगळे करून परत नीट दाबून बसव. मेलेला म्हणून स्वस्तात घेतलेले बोर्ड नुसते दाबून बसवल्यावर चालू झालेले मी पाहिलेत. हां, सीपीएस-३ कधी हाती लागला तर त्याच्या सिक्युरिटी कार्ट्रिजला हौसेने हात लावू नकोस, तो प्रकार यापेक्षा कितीतरी तापट आहे.

आता एमव्हीएस. इथे सगळं उलटं. किल्ली वगैरे काही नाही, बॅटरी फक्त कॅलेंडरची चिप आणि सेटिंग-स्कोअरची रॅम सांभाळते. बॅटरी मेली तर काही बिघडत नाही, केओएफ ९७ गेम तसाच चालतो. पण ती फुटली तर बोर्ड खाते. त्यामुळे इथे तू बदलायचा विचार नंतर कर, आज संध्याकाळी आधी ती कापून काढ, बोर्ड नीट चालत असला तरी. पार्लरमधून आलाय म्हणतोस म्हणजे वर्षं नि वर्षं बंद पडून असणार, आणि बंद पडलेल्यातच ती जास्त गळते. गळतं ते अल्कली, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ते तांब्याच्या ट्रॅकमधून मुंग्यांसारखं बोर्डाच्या हिरव्या थराखालून चालत जातं, वरून बोर्ड ठीक दिसतो आणि आत ट्रॅक तुटलेला. चालू केल्यावर बॅकअप रॅम एरर, वर्क रॅम एरर किंवा कॅलेंडर एरर आला तर आधी बॅटरीच्या आसपासचे ट्रॅक तपास, चिप बदलायला धावू नकोस.

व्हिनेगरचं तुझं बरोबर आहे, पण फक्त इथे. अल्कलीला आंबट मारतं. इअरबडला पांढरं व्हिनेगर लावून पुस, फेस येणं थांबलं की डिस्टिल्ड पाण्याने धू, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग रात्रभर वाळव. सीपीएस-२ चा लिथियम गळला असेल तर त्याला हवेतलं पाणी लागून हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं, त्याच्यावर आणखी व्हिनेगर ओतून तू ॲसिडच वाढवणार, तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून अगदी थोडासा, मग पाणी आणि अल्कोहोल. खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून.

काळे पडलेले ट्रॅक फायबर पेनने खरवड, चकचकीत तांबं दिसलं की सोल्डरचा पातळ थर दे. तुटलेल्याला वरून बारीक वायर. कंटाळवाणं काम आहे, एखादा रविवार जातो, पण ते अर्धवट सोडलंस तर सहा महिन्यांनी परत तेच.

परत बॅटरी लावायची का? माझा स्वतःचा घरचा एमव्हीएस बिनबॅटरीचाच चालतोय, सेटिंग दर वेळी मूळपदावर येतात एवढंच. तुला स्कोअर ठेवायचे असतील तर सीआर२०३२, तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल, चालेल, होल्डरसकट, इथे होल्डर बिनधास्त लाव कारण निसटला तरी काय जाणार, स्कोअर. पण चार्जिंगचा रस्ता तोडलाच पाहिजे, नाणं सेलसुद्धा चार्ज करायचा नसतो. चार्जिंगचा रेझिस्टर किंवा डायोड काढ, किंवा सेलच्या प्लसला शॉटकी डायोड लाव. साधा डायोड सहाएक दशांश व्होल्ट खातो, तीनातून २.४ उरतात, रॅमला दोनच्या आसपास पुरतात म्हणून भागतं, पण सेल जुना होत गेला की ताणतं. शॉटकी दोन-तीन दशांशच खातो. आणि सेल बोर्डावर ठेवू नकोस, दोन वायरी काढून लांब, खालच्या बाजूला ठेव, गळला तरी चिपांवर गळायला नको.

काढलेली निकेल कॅडमियम घरच्या कचऱ्यात टाकू नकोस, ई-कचरा घेतात तिथे दे. लिथियमच्या जुन्या सेलच्या दोन्ही टोकांना टेप लाव आणि मगच पिशवीत टाक. एमव्हीएसचे फोटो काढून ठेव कापायच्या आधी, दोन्ही बाजूंचे, मग ट्रॅक कुठून कुठे जातो हे मला विचारलंस तरी सांगता येईल.